खांब नंबर सतराचा शेरा

गयाबाई साळवे ड्रेस्डेनला लेकीकडे आल्या, तेव्हा लेकीनं त्यांना एकच काम दिलं. आराम करायचा.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात एकतीस वर्षं अंगणवाडी चालवलेली ही बाई. तिला आराम जमेना. पहिल्या आठवड्यात त्यांनी धम्मदीपाच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. दुसऱ्या आठवड्यात इमारतीतली लेकरं मोजली. अकरा निघाली.

"दीपा, दुसऱ्या मजल्यावरचं ते लाल टोपीवालं लेकरू कमी वजनाचं आहे. त्याच्या मायला सांग."

"आई, इथं असं कोणी कोणाला सांगत नाही."

"मग कोण सांगतं?"

"डॉक्टर. आधी टेर्मिन घ्यायची, म्हणजे अपॉइंटमेंट."

"म्हणजे कधी?"

"मिळाली तर सहा आठवड्यांनी."

गयाबाईंनी कपाळाला हात लावला. सहा आठवड्यांत त्यांनी गावातली सगळी घरं दोनदा पालथी घातली असती.

धम्मदीपा एका संशोधन संस्थेत काम करायची. सकाळी साडेसातला जायची, संध्याकाळी सहाला यायची. तेवढा वेळ गयाबाई बाल्कनीत बसायच्या. शेजारच्या बाल्कनीत फ्राऊ लेनर्ट बसायच्या. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर शहराची ट्राम चालवलेली, आता एकट्या. गयाबाई त्यांना 'मोर्गन' म्हणायच्या आणि त्या गयाबाईंना 'जय भीम'. पुढचं सगळं एक मराठीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये. दोघींचं छान जमलं. भांडायचं म्हटलं असतं तरी भाषा नव्हती.

जूनच्या सुरुवातीला एका मंगळवारी लेनर्टबाईंनी गाडीची किल्ली वाजवून दाखवली आणि दोन्ही हात पंखांसारखे हलवले. गयाबाईंनी चप्पल घातली. कुठं जायचंय हे त्यांनी विचारलं नाही. घरातून निघायचंय एवढं पुरे होतं.

शहराच्या ईशान्येला तासाभरावर माशांची तळी आहेत. तळ्यांमधून विजेची जुनी लाइन जाते. तिच्या चौदा नंबरच्या खांबावर, अगदी टोकाला, काटक्यांचा भाराभर पसारा होता. समोर एक लाकडी मचाण होतं आणि मचाणावर दुर्बीण. लेनर्टबाईंनी दुर्बीण लावून दिली.

गयाबाईंनी डोळा लावला. पांढऱ्या छातीची, डोळ्यावर काळी पट्टी ओढलेली एक मोठी घार थेट त्यांच्याकडे बघत होती. तिच्या पुढ्यात तीन डोकी वळवळत होती.

"अगं बाई, तिळं!" गयाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी दीपानं मोबाइलवर शोधून सांगितलं, की ही मासे मारणारी घार, आणि मराठीत हिला मोरघार म्हणतात.

"हिच्यात मोर कुठाय?"

"मला काय माहीत, आई."

"असू दे. मला वही आणून दे. रेघांची. मोठी."

वही आली. गयाबाईंनी पट्टीनं उभे रकाने आखले. तारीख, वेळ, घर नंबर, माय, बाप, लेकरं, काय खाल्लं, कोणी खाल्लं. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद. त्यावर लिहिलं, शेरा. एकतीस वर्षं त्यांनी याच रकान्यात गाव मांडलं होतं. सुपरवायझरबाई बाकीचे रकाने तपासायच्या. शेरा मात्र चहा घेत घेत, चवीनं वाचायच्या.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. गयाबाई डबा घेऊन जायच्या आणि नोंदी करायच्या.

'थोरलं दांडगं. धाकट्याला टोचतं. मायनं लक्ष द्यावं.'

'बाप मासा आणतो, पण डोकं खाऊन आणतो.'

'माय सकाळपासून ओरडते. तिचंही बरोबर आहे.'

मचाणाचा कारभार हेर नोआक यांच्याकडे होता. वय अडुसष्ट, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त, पक्षी-मंडळाचे प्रमुख. सोबत ब्रुनो नावाचा आखूड पायांचा कुत्रा. मचाणाच्या दारात नोआकांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती. चौदा नंबरचं जोडपं नऊ वर्षं एकत्र आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत: जोडीदार एकच. आयुष्यभर. शाळांच्या सहली आल्या की नोआक ही पाटी मोठ्यानं वाचायचे. शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज जरा ओला व्हायचा. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती.

लेनर्टबाईंनी फोन लावला की दीपा जेवणाच्या सुट्टीत स्पीकरवर दुभाषी व्हायची.

"दीपा, नोआकभाऊंना विचार. या बापानं आज सहा मासे धरले. घरी चार आले. दोन गेले कुठं?"

दीपानं विचारलं. उत्तर आलं. "ते म्हणतात, तो स्वतः खातो. नॉर्मल आहे."

"एवढं खाल्लं असतं तर अंगाला लागलं असतं. हाडं निघालीत त्याची."

"आई, हे मी सांगणार नाहीये."

"नको सांगू. मी लिहिते."

मग जूनच्या शेवटी भांडण झालं. भर दुपारी पलीकडच्या पाइनच्या रांगेवरून दुसरी एक मादी आली आणि थेट चौदा नंबरवर घिरट्या घालायला लागली. घरातली माय उडाली. दोघी हवेत भिडल्या. पायात पाय अडकवून गरागरा फिरत खाली आल्या, तळ्यावर सुटल्या, पुन्हा वर गेल्या. किंकाळ्यांनी ब्रुनो बाकाखाली गेला.

"परकी मादी," नोआक फोनवर दीपाला म्हणाले. "जागा हिसकावायला येतात अशा. अगदी नेहमीचं आहे."

गयाबाई भांडणाकडे बघतच नव्हत्या. त्यांनी दुर्बीण वळवली होती ती वाळक्या पाइनवर बसलेल्या बापाकडे. त्याच्या पायात अर्धा मासा होता. दोघी त्याच्या डोक्यावर एकमेकींची पिसं उपटत होत्या. आणि तो मान फिरवून तळ्याकडे बघत होता. तळ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"दीपा," गयाबाई हळूच म्हणाल्या, "ही परकी नाही गं."

"म्हणजे?"

"परकी असती तर हा मधे पडला असता. ज्याच्यामुळं भांडण लागतं, तो माणूस असाच दुसरीकडं बघतो. गावात मी असे बारा बघितलेत."

हरलेली मादी पाइनच्या मागं गेली. थोड्या वेळानं बापही उडाला. अर्धा मासा घेऊन, त्याच दिशेला. गयाबाईंनी वही काखेत मारली आणि सायकल-रस्त्यानं चालायला लागल्या. लेनर्टबाई मागून हाका मारत होत्या. मग त्याही चालायला लागल्या.

किलोमीटरभर गेल्यावर सतरा नंबरचा खांब आला. लाकडी, जुना, जरा कललेला. वर तोकडं घरटं. तीच मादी वर बसलेली, एका बाजूची पिसं विस्कटलेली. बाप नव्हता, पण तिच्या पायाखाली अर्ध्या माशाचं शेपूट होतं.

लेनर्टबाईंनी मंडळाची छापील यादी काढून दाखवली. सतरा नंबरपुढं लिहिलं होतं: एकटी मादी. पिल्लं नाहीत.

गयाबाईंनी खांबाखालची जमीन बघितली. मग घरट्याची कड. कडेवरून खांबावर शिटेचे पांढरे ओघळ आले होते. ताजे. एका बाजूला नाही, चहूबाजूंनी. त्यांनी लेनर्टबाईंचा दंड धरला आणि बोट दाखवलं. ज्या घराच्या दोरीवर लंगोट वाळतात, त्या घरात लेकरू नाही, असं त्यांना आजवर कोणीही पटवू शकलं नव्हतं.

संध्याकाळी दीपानं चौकशी केली आणि जे कळलं ते आईला सांगितलं. शरद ऋतूत वीज कंपनी ही जुनी लाइन जमिनीखालून नेणार होती. खांब जाणार होते. ज्या घरट्यात यंदा पिल्लं झाली, तिथं नवा खांब आणि वर लोखंडी टोपली मिळणार होती. बाकीची घरटी काढून टाकणार. यादी पंधरा जुलैला पाठवायची होती.

"म्हणजे यादीत नाव नाही तर घर नाही," गयाबाई म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी तसंच. आणि पुढच्या वर्षी ती आफ्रिकेतून परत आली की तिला खांबच सापडणार नाही."

"मग नोआकभाऊंना सांग, लेकरू आहे म्हणून."

"सांगितलं. ते म्हणतात, जोडी लागते. नर कोण, ते लिहावं लागतं. नर दिसलेला नाही."

"चौदाचा!"

"ते नाही बोलले मी. तूच म्हणतेस ते. आई, तो माणूस रडेल."

गयाबाईंना एक जुनी गोष्ट आठवली. गावात एकाची दुसरी बायको गायरानाकडेला राहायची. तिची पोरगी रजिस्टरमध्ये नव्हती, कारण बापाचं नाव आधीच एका घरात लागलं होतं. पोरगी काडीसारखी झाली. गयाबाईंनी तिला नियम मोडून लिहिलं, सुपरवायझरबाईंची बोलणी खाल्ली आणि रोज खिचडी दिली. ती पोरगी आज परभणीला नर्स आहे. पण तिचं नाव लिहायला आपल्याला आठ महिने लागले, हे गयाबाई अजून विसरल्या नव्हत्या.

इथं त्यांच्याकडे तीन आठवडेही नव्हते.

नाव लागेपर्यंत लेकराचं पोट थांबत नाही. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तेच केलं जे त्या नेहमी करत आल्या होत्या. घरपोच आहार. शनिवारी त्यांनी बाजारातून एक चांगला मासा घेतला, दीपाच्या संस्थेच्या कापडी पिशवीत घातला आणि सतरा नंबरखालच्या कुंपणाच्या खुंटीला लटकवला. वर बघून म्हणाल्या, "खाली ये गं. लाजू नको."

मोरघारीनं त्यांच्याकडे एक डोळा करून बघितलं. ती आली नाही. जिवंत मासा पाण्यातून उचलणाऱ्या बाईला असला आहार कशाला रुचेल? पण तो ब्रुनोला रुचला. सगळाच्या सगळा. मग तो नोआकांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बाहेर आला.

पिशवीवर संस्थेचं नाव होतं. सोमवारी धम्मदीपाच्या टेबलावर पिशवी होती आणि सोबत मंडळाचं पत्र. वन्य पक्ष्याला खाऊ घालण्याबद्दल फ्राऊ साळवे यांना मचाणावर हाउसफर्बोट, म्हणजे प्रवेशबंदी. पंधरा जुलैपर्यंत मचाणात पाऊल टाकायचं नाही.

"आई, मला डायरेक्टरनं विचारलं, ही पिशवी कुत्र्याच्या पोटापर्यंत कशी गेली म्हणून!"

"पिशवी नाही गेली. मासा गेला."

"हसू नकोस!"

"मी कुठं हसले? हे असंच आहे माझं तोंड." मग पत्राकडे बोट करून, "मचाणावर बंदी आहे ना? रस्त्यावर तर नाही?"

दीपानं पत्र पुन्हा वाचलं. रस्त्याबद्दल त्यात काही नव्हतं.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस लेनर्टबाई चौदासमोर मचाणात बसल्या आणि गयाबाई सतरासमोर सायकल-रस्त्याच्या कडेला घडीच्या स्टुलावर. वह्या दोन, रकाने तेच. लेनर्टबाईंना रजिस्टर भरायला शिकवताना भाषेची अडचण आली नाही. चाळीस वर्षं ट्रामच्या वेळा पाळलेल्या त्या बाईनं मिनिटालाच नव्हे, अर्ध्या मिनिटाला नोंद केली. आपण हे काम मंडळाच्या प्रमुखापासून लपवून करतोय, याचा त्यांना फार आनंद होत होता. घरी परतताना त्या गाडीत शीळ घालायच्या.

सतरा नंबरवर लेकरू एकच होतं. चौथ्या दिवशी त्यानं डोकं वर काढलं. गयाबाईंनी शेरा लिहिला: 'आहे. बारीक आहे. डोळे तेज आहेत.'

बारा जुलैला मंडळाची उन्हाळी मेजवानी होती. मचाणाबाहेरच्या गवतावर टेबलं मांडली होती, केक होते, कॉफी होती, तीसेक माणसं होती. गयाबाई इस्त्रीची निळी साडी नेसून आल्या आणि टेबलावर धपाट्यांचा डबा ठेवला. त्या मचाणात गेल्या नाहीत. गवतावर उभ्या राहिल्या. नोआकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग गवताकडे बघितलं. गवतावर बंदी नव्हती.

मग नोआकांनी पाटीशेजारी उभं राहून भाषण सुरू केलं. नऊ वर्षं, एकच जोडी. "आयुष्यभर" शब्द आला तेव्हा लेनर्टबाई उठल्या.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावला. "चौदा. दहा बेचाळीस. नर मासा घेऊन निघतो, पाइनमागं."

गयाबाईंनी दीपाला कोपरानं ढोसलं. दीपाचे कान लाल झाले होते. तिनं आईची वही उघडली आणि जर्मनमध्ये वाचलं. "सतरा. दहा सेहेचाळीस. नर मासा घेऊन येतो."

"चौदा. तेरा वाजून पाच. निघतो."

"सतरा. तेरा वाजून नऊ. येतो."

असं बारा वेळा झालं. सहाव्या वेळेला कोणीतरी खुदकन हसलं. नवव्या वेळेला एका आजोबांनी केकचा काटा खाली ठेवला.

"दुसरा नर असेल," नोआक म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "रस्त्यावरच्या स्टुलावरून पायातली कडी वाचता येत नाही!"

दीपानं भाषांतर केलं. गयाबाई म्हणाल्या, "नाहीच येत. भाऊंकडे मोठी दुर्बीण आहे. त्यांनी यावं."

सगळे आले. तीस माणसं, हातात केकच्या बशा, सायकल-रस्त्यानं रांगेत. पुढं नोआक खांद्यावर दुर्बीण घेऊन, सगळ्यात मागं ब्रुनो. सतरासमोर दुर्बीण रोवली गेली. वीस मिनिटं काहीच झालं नाही. गयाबाईंनी धपाटे वाटले.

मग पाइनवरून तो आला. घरट्याच्या कडेला टेकला. अर्धा मासा खाली टाकला. मादी त्याच्यावर ओरडली, आणि तिच्या मागून एक काळंपांढरं डोकं वर आलं आणि तेही ओरडलं. तो दोन श्वास थांबला आणि उडून गेला.

नोआक दुर्बिणीवरून उठले नाहीत. बराच वेळ. पायातली काळी कडी बारा वर्षांपूर्वी, तो पिल्लू असताना, त्यांच्यासमोर, त्यांच्याच शिडीवर चढून घातली गेली होती. तिच्यावरची अक्षरं त्यांना पाठ होती.

"तोच," ते म्हणाले. आणि गवतावर बसले.

गयाबाई त्यांच्याजवळ गेल्या, गुडघे सांभाळत खाली बसल्या आणि त्यांच्या बशीत एक धपाटा ठेवला.

"दीपा, सांग भाऊंना. माणूस वाईट नाही हो. दोन घरं ओढतोय. कसा वाळून कोळ झालाय बघा."

दीपानं सांगितलं. नोआकांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. तो हसण्याचा होता हे ब्रुनोला आधी कळलं. त्यानं शेपूट हलवलं आणि धपाटा पळवला.

पण काम तिथं संपलं नाही. यादी संगणकावर भरायची होती. मचाणात नोआकांनी लॅपटॉप उघडला आणि दाराकडे बघून गयाबाईंना हातानं आत बोलावलं. बंदी पंधरापर्यंत होती. गयाबाईंनी उंबरठ्यावर क्षणभर पाय अडवून धरला, सगळ्यांना दिसेल असा. मग आत गेल्या.

सतरा. मादी. पिल्लू एक. नराच्या चौकटीत नोआकांनी कडीचा नंबर टाकला. चौकट लाल झाली. पुन्हा टाकला. पुन्हा लाल.

"घेत नाही," दीपा म्हणाली. "हा नंबर चौदाला आधीच लागलाय. एक नर एकाच घरात."

"आमच्याकडंही असंच होतं," गयाबाई म्हणाल्या.

"मग तू काय करायचीस?"

गयाबाई पुढं वाकल्या. ओळीच्या अगदी शेवटी एक लांबट चौकट होती. रिकामी. तिच्यावरचा जर्मन शब्द त्यांना वाचता येत नव्हता, पण तिची रुंदी ओळखीची होती.

"हा शेराच ना?"

"हो. बेमेर्कुंगेन, म्हणजे शेराच."

"मग झालं तर. बापाच्या जागी आडवी रेघ मारा. घर मायच्या नावानं लावा. आणि इथं लिहा, बाप चौदामध्ये जेवायला असतो, इकडं येऊन जाऊन आहे."

दीपानं शब्दाला शब्द सांगितलं. नोआकांनी मोजणी खात्यातल्या माणसाच्या काळजीनं ते टाइप केलं. चौकट हिरवी झाली. त्यांनी बटण दाबलं. यादी गेली.

जुलै सरता सरता सतराचं लेकरू उडालं. पहिल्याच दिवशी ते चुकून चौदाच्या पाइनवर जाऊन बसलं आणि तिथल्या थोरल्यानं त्याला हाकललं. त्यानं जाता जाता थोरल्याच्या पुढ्यातलं माशाचं शेपूट उचललं. गयाबाईंनी ते बघितलं आणि वहीत शेवटचा शेरा लिहिला. 'तब्येत उत्तम. स्वभाव मायवर.'

वीस ऑगस्टला त्या परत गेल्या. ऑक्टोबरात लेनर्टबाईंनी दोन फोटो पाठवले. पहिल्यात सतराच्या जागी नवा खांब, वर लोखंडी टोपली, खाली नोआक आणि ब्रुनो. दुसऱ्यात मचाणाचं दार होतं. दारातल्या पाटीवर पहिली ओळ तशीच होती. 'आयुष्यभर'पुढं मात्र नोआकांनी त्याच रंगानं एक छोटा बाण काढला होता आणि अगदी कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शेरा पाहा.